मसुदालेखन शिकवायचं कसं? जर्नल उतरवणं बंद करून प्रत्यक्ष सराव

गोदाकाठ (धागाकर्ता)

नांदेड-परभणीपासून लातूर-धाराशिवपर्यंतच्या लॉ कॉलेजांत शिकवणारे, शिकणारे आणि कोर्टात बसणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा विषय काढतोय.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत 'ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग' हा सक्तीचा प्रॅक्टिकल पेपर आहे. न्यायालयीन मसुदे किमान १५ आणि दस्तलेखनाचे १५, प्रत्येकी ३ गुण. म्हणजे ४५ अधिक ४५, आणि तोंडीला १०. नियम चांगलाच आहे. पण सत्र संपायला आलं की मागच्या बॅचचं जर्नल फिरतं, मुलं रात्रभर उतरवून काढतात आणि सकाळी सह्या होतात. मसुदे तीस होतात, पण विचार करून लिहिलेला त्यात एकही नसतो.

माझं म्हणणं असं की तीस विषयांचे तीस नमुने देऊच नका. एकच वाद घ्या, त्याचा कागदांचा एक गठ्ठा करा आणि सगळे मसुदे त्याच गठ्ठ्यातून काढायला लावा. फॉरमॅट अगदी शेवटी द्या.

गठ्ठा असा करता येईल. वसमत तालुक्यातली शेतजमीन, दोन भावांच्या नावावर. त्यातला एक भाऊ जमीन विकायचं ठरवून इसार घेतो. भाव एकरी ८ लाख, एकूण ३२ लाख, इसार ५ लाख, त्यातले ३ लाख चेकने आणि २ लाख रोख. पुढे विक्रेता फिरतो, ३ लाख परत म्हणून चेक देतो आणि तो वटत नाही. गठ्ठ्यात सातबारा, फेरफाराची नक्कल, इसार पावती, बँकेचा उतारा, चेक आणि परतीचा मेमो, व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्याची प्रिंट, आणि पक्षकाराची दोन पानी तोंडी हकीकत. ही हकीकत मुद्दाम विस्कळीत, तारखा मागेपुढे करून लिहायची. पक्षकार कार्यालयात येतो तेव्हा तसंच तर सांगतो.

आणि गठ्ठ्यात खोड्या पेरायच्या:

– सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर, म्हणजे ४ एकर. पावतीत मात्र ४ एकर १० गुंठे. एकरी ८ लाखांनी त्या दहा गुंठ्यांचे दोन लाख होतात.
– इसार अंकी ५,००,०००, अक्षरी 'चार लाख'.
– पावतीत ओढा पूर्वेला, हकीकतीत पश्चिमेला.
– खरेदीखत 'दिवाळीपर्यंत' करून द्यायचं, तारीख नाही.
– सातबाऱ्यावर दोघं भाऊ, पावतीवर सही एकाचीच.

एवढ्यावरून नोटीस, नोटिशीला उत्तर, वादपत्र, लेखी जबाब, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, त्यावरचं म्हणणं, शपथपत्र, दुरुस्ती अर्ज, सरतपासणीचं (आपल्याच साक्षीदाराच्या जबानीचं) शपथपत्र, अपील आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) असे अकरा मसुदे निघतात. चेकची नोटीस आणि तक्रार धरली की तेरा. उरले दोन, त्यात जामीन आणि पोटगी वेगळ्या हकीकतीवरून घ्या. दस्तांच्या पंधरांतलेही साठेखत, खरेदीखत, मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत, वचनचिठ्ठी याच कुटुंबातून काढता येतात.

आता यात कुठे अडतं ते सांगा.

निशाणी पाच

गठ्ठ्याची कल्पना पटली. एक भर घालतो. गठ्ठे दोन करा. वादीकडच्या मुलांना प्रतिवादीची हकीकत दिसता कामा नये, आणि प्रतिवादीकडच्यांना वादीची. प्रतिवादीच्या हातात फक्त समोरून आलेली नोटीस आणि स्वतःचा पक्षकार. दोन्ही बाजू एकाच्याच हातात दिल्या की मुलं सोयीचा वाद लिहितात. लेखी जबाब तर हमखास पोकळ होतो.

लेखी जबाबावर निदान दोन तासिका घालवा, कारण नव्या वकिलांचे सगळ्यात जास्त दावे तिथेच बिघडतात. वादपत्रात समजा असं आहे:

'४. दि. १२/०३/२०२४ रोजी वादीने प्रतिवादीस इसारापोटी रोख रु. २,००,०००/- (अक्षरी रुपये दोन लाख फक्त) दिले.'

शंभरातली नव्वद मुलं उत्तर लिहितील: 'परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' दुसरा नमुना: 'दि. १२/०३/२०२४ रोजी वादीने रोख रु. २,००,०००/- दिले हे म्हणणे खोटे आहे.' हा दुसरा जास्त घातक, कारण वाचायला नेमका वाटतो. पण त्यातून १३ तारखेला दिले का, दोनऐवजी दीड लाख दिले का, हे उघडंच राहतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ नियम ४ नेमकं हेच सांगतो. रक्कम मिळाल्याचा आरोप असेल तर ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असं म्हणा, नाहीतर किती मिळाली ते सांगा. नियम ५ प्रमाणे जे स्पष्ट नाकारलं नाही ते मान्य धरलं जातं.

मग लिहायचं असं: 'दि. १२/०३/२०२४ रोजी अथवा अन्य कोणत्याही दिवशी वादीने प्रतिवादीस रोख रु. २,००,०००/- अथवा त्यापैकी कोणतीही रक्कम दिली हे प्रतिवादीस नाकबूल आहे. प्रतिवादीस चेकने मिळालेले रु. ३,००,०००/- (अक्षरी रुपये तीन लाख फक्त) हे हातउसने होते.' नाकारून झाल्यावर स्वतःची बाजू त्याच परिच्छेदात यायला हवी. ती नसेल तर उलटतपासाला विचारायचं तरी काय?

सराव छोटाच ठेवा. वादपत्रातले पाच परिच्छेद द्या, पाच उत्तरं लिहून घ्या, वेळ चाळीस मिनिटं. सगळा जबाब लिहायची गरज नाही.

कच्चा मसुदा

सर, एक विचारू का? आम्हाला फॉरमॅटच माहीत नसेल तर सुरुवात कुठून करायची? आमच्याकडं सगळे म्हणायलेत की आधी फॉरमॅट पाठ करा, बाकी कोर्टात गेल्यावर येतं. आणि परीक्षेतही फॉरमॅटलाच मार्क असतात.

गोदाकाठ

फॉरमॅट एका पानाचा विषय आहे. आदेश ७ नियम १ वाचलास की वादपत्राचा सांगाडा हातात येतो: न्यायालय, पक्षकारांचं वर्णन, दाव्याचं कारण आणि ते कधी घडलं, अधिकारक्षेत्र, मागणी, मूल्यांकन. संहितेला जोडलेल्या परिशिष्ट 'अ' मध्ये नमुनेही आहेत, विनिर्दिष्ट पूर्ततेसाठी (ठरलेला करार प्रत्यक्ष पाळायला लावण्यासाठी) ४७ आणि ४८ क्रमांकाचे बघ. बाजारातल्या गाईडपेक्षा ते आटोपशीर आहेत.

सुरुवात फॉरमॅटवरून करू नकोस, तक्त्यावरून कर. पाच रकाने आख:

तारीख | काय घडलं | कोणत्या कागदावरून | पक्षकाराला स्वतःला माहीत की ऐकीव | समोरचा मान्य करेल का

गठ्ठा वाचत वाचत हा तक्ता भरायचा, पहिली तासिका त्यातच जाते. तिसरा रकाना रिकामा राहिला तिथे पुरावा नाही, म्हणजे पक्षकाराला आणखी विचारायला हवं. चौथ्यातून सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची शेवटची ग्वाही, तयार होते. पाचव्यातून कशावर भर द्यायचा ते ठरतं.

दुसऱ्या तासिकेत वादपत्राचा शेवट आधी लिहायचा, म्हणजे विनंती. काय मागायचंय हे ठरलं की कोणतं तथ्य लागतं ते आपोआप निवडलं जातं. आपल्या गठ्ठ्यात मुलं फक्त 'खरेदीखत करून द्यावे' मागून मोकळी होतात. ताबा आणि पर्यायाने इसाराची रक्कम परत, या दोन्ही मागण्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे स्पष्ट मागाव्या लागतात, न मागता मिळत नाहीत. नंतर दुरुस्ती करता येते हे खरं, पण त्यात तारखा जातात आणि पक्षकाराचा खर्च वाढतो.

तिसऱ्या तासिकेला मजकूर. एका परिच्छेदात एकच घटना, तीन वाक्यांच्या वर जायचं नाही. आदेश ६ नियम २ प्रमाणे महत्त्वाची तथ्यं लिहायची, पुरावा नाही, आणि तारखा, रकमा, आकडे अंकी आणि अक्षरी दोन्ही. 'वादी आपला भाग पार पाडण्यास तयार व तत्पर आहे' एवढ्या वाक्यावर भागवू द्यायचं नाही. उरलेले २७ लाख कोणत्या खात्यात होते की कर्ज मंजूर झालं होतं, ते लिहायला लावायचं.

चौथ्या तासिकेला अदलाबदल. मसुदा समोरच्या बाजूकडे जातो आणि ती त्यातल्या फटी शोधते. फॉरमॅट त्यानंतर.

परीक्षेत फॉरमॅटला मार्क मिळतात हे खरंय. तो परीक्षेच्या आदल्या दिवशीही पाठ होतो.

निशाणी पाच

त्या २ लाख रोखीबद्दल एक. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये असं सांगितलंय की दाव्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने दिल्याचं कथन असेल तर न्यायालयाने आयकर विभागाला कळवावं. तेव्हा तो परिच्छेद लिहिण्याआधी पक्षकाराला हे समजावणं, आणि समजावलं अशी टिपणी फाईलला ठेवणं, हाही सरावाचाच भाग करा. त्यासाठी आकडा बदलू नका, दोन लाखच राहू द्या. पक्षकार म्हणणार, 'वकीलसाहेब, दीडच लिहा की.' तिथे मुलं काय करतात ते बघायला मिळेल.

पुरसीस

चेकच्या प्रकरणात लेखनापेक्षा मोजणी महत्त्वाची. मुलांना तारखा द्या आणि शेवटचे दिवस काढायला लावा. परतीचा मेमो बँकेकडून १० मार्चला मिळाला. तो दिवस सोडून ३० दिवस, म्हणजे नोटीस ९ एप्रिलपर्यंत निघाली पाहिजे. ८ ला पाठवली, समोरच्याला १२ ला मिळाली. तिथून १५ दिवस २७ एप्रिलला संपतात. २८ ला दाव्याचं कारण घडतं, तो दिवस सोडून एक महिना, म्हणजे तक्रारीची शेवटची तारीख २८ मे.

चुका ठरलेल्या असतात. कुणी २८ एप्रिल हा दिवसही मोजणीत धरून २७ मे म्हणतं. कुणी पंधरा दिवस नोटीस पाठवल्यापासून मोजतं. कुणी घाईने २५ एप्रिललाच तक्रार तयार करतं. पंधरा दिवस पुरे होण्याआधीची तक्रार टिकत नाही, हे २०१४ पासून स्पष्ट आहे.

दुसरी खोच रकमेची. चेक ३ लाखांचा, पण पक्षकाराला येणं ५ लाख. नोटिशीत सरळ '५ लाख व नुकसानभरपाई द्या' असं लिहिलं की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक न वटण्याच्या) कलम १३८ ची मागणी बिघडते. चेकचे ३ लाख स्वतंत्र वाक्यात, स्वतंत्र आकड्यात मागायचे. बाकीचं हवं तर वेगळ्या परिच्छेदात.

आणि जुने नमुने तपासा. नोटिशीत अजून 'रजिस्टर पोस्टाने' लिहितात. टपाल खात्याने २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाप्रमाणे तक्रारीच्या सुरुवातीला ठरावीक नमुन्यात गोषवाराही जोडायचाय. २०२० च्या जर्नलमध्ये तो कुठून असणार?

सातबारा

जमिनीच्या वर्णनावर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. आदेश ७ नियम ३ प्रमाणे मिळकत ओळखता येईल असं वर्णन लागतं, चतुःसीमा किंवा भूमापन क्रमांकाने. मुलं फक्त 'गट नं. ११२' लिहून पुढे जातात. गटातला काही भागच वादात असेल तर तो कोणत्या दिशेचा, ते चतुःसीमेशिवाय कळत नाही. मग मनाईचा हुकूम मिळूनही जागेवर बेलिफाला किंवा तलाठ्याला बांध दाखवता येत नाही. शिकवताना फळ्यावर गटाचा कच्चा नकाशा काढा, मुलांना फक्त वर्णन लिहायला सांगा, मग ते वर्णन दुसऱ्या गटाला देऊन नकाशा काढायला लावा. दोन्ही नकाशे जुळले नाहीत तर वर्णन चुकलं. यात शिक्षकाला वेगळं तपासायचं काही उरत नाही.

आणि आपल्या भागातलं एक पथ्य. पुण्या-मुंबईकडच्या गाईडांत कुळाचा विषय आला की मुंबई कुळवहिवाट अधिनियम १९४८ असतो. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागू होतो. इनाम जमिनीचंही तसंच, आपल्याकडे १९५४ चा हैदराबाद कायदा. कलमांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून उतरवलेला मसुदा पहिल्याच परिच्छेदात उघडा पडतो.

जुन्या कागदांत फसली (निजामकाळातली महसुली) वर्षं येतात. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतं. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९ च्या आसपास. गठ्ठ्यात खासरा पाहणीची (गावच्या जमिनींच्या जुन्या पाहणी नोंदीची) एखादी नक्कल घाला आणि तारखांच्या तक्त्यात तिला योग्य जागी बसवायला सांगा.

मांजराकाठ

सगळं मान्य, पण तपासायचं कुणी? तुकडी ६० ची. तीस मसुदे धरले तर १८०० वह्या. एका वहीला दहा मिनिटं दिली तरी ३०० तास होतात. म्हणूनच तर सह्या करून मोकळं व्हायची पद्धत पडली, नुसता आळस नाही तो.

यातून मार्ग असा. पूर्ण मसुदे फक्त आठ वाचायचे. बाकीच्यांत चिठ्ठी टाकून एक परिच्छेद निवडायचा आणि सगळ्या वह्यांतला तेवढाच वाचायचा. कोणता परिच्छेद निघणार हे आधी कळत नाही, म्हणून सगळे नीट लिहावे लागतात. तीन गुण असे फोडायचे: तारखांच्या तक्त्याला १, पहिल्या मसुद्याला १, लाल शेऱ्यांनंतर पुन्हा लिहिलेल्याला १. तिसरा गुण सगळ्यात महत्त्वाचा. पहिला मसुदा जोडल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, नाहीतर थेट 'सुधारलेला' मसुदा कुणाचा तरी उतरवून येतो.

जोड्या रोल नंबरने लावा, मैत्रीने नको. मित्रांच्या जोडीत नोटीस आणि तिचं उत्तर एकाच टेबलावर, एकाच पेनाने लिहिलेलं सापडतं.

आणि शेरे मारताना 'भाषा सुधारा' लिहू नका. त्याचा मुलांना काही उपयोग नाही. 'कोणी दिले?', 'कोणत्या तारखेला?', 'हा पुरावा आहे, तथ्य नाही', 'विनंती ३ साठी वर एकही परिच्छेद नाही' असे शेरे लागतात.

कच्चा मसुदा

मॅडम, मराठीत लिहायचं की इंग्रजीत? आमच्या वर्गात अर्धे मराठी माध्यमाचे हायेत. इंग्रजीत लिहिलं की वाक्य जुळत नाही, मराठीत लिहिलं की सगळीकडं 'सदर' आणि 'उपरोक्त' येतं.

मांजराकाठ

तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठी चालते, १९९८ च्या अधिसूचनेपासून ती तिथली भाषा आहे. औरंगाबाद खंडपीठासमोर इंग्रजीच, कारण संविधानाचं अनुच्छेद ३४८. म्हणून वादपत्र, जबाब, अर्ज मराठीत शिका, आणि अपिलाचा गोषवारा, घटनाक्रम हे इंग्रजीत. तुझाच तारखांचा तक्ता इंग्रजीत कर. त्यात छोटी छोटी वाक्यं असतात, तिथून सुरुवात सोपी जाते.

'सदर' चं औषध साधं आहे. प्रत्येक 'सदर' खोडून त्या जागी नाव लिही: 'सदर रक्कम' ऐवजी 'इसाराची रक्कम', 'सदर इसम' ऐवजी 'प्रतिवादी क्र. २'. आपल्या गठ्ठ्यात दोन भाऊ आहेत, 'सदर प्रतिवादी' म्हटलं की कोणता ते न्यायाधीशांनाही कळत नाही.

निशाणी पाच

मी इथे थोडा वेगळा आहे. दोन्ही भाषा एकदम आणल्या तर पहिल्या सत्रात गोंधळच होतो. पहिलं सत्र पूर्ण मराठी ठेवा. विचार नीट मांडता आला की भाषांतर नंतर जमतं. उलटं जमत नाही.

मांजराकाठ

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला ते चालेल सर. तीन वर्षांवाल्यांना हा पेपर एकदाच येतो, पुढचं सत्र मिळतंच कुठे?

पुरसीस

सत्यापनाचं राहिलं. गोदाकाठ सरांनी चौथ्या रकान्याचा उल्लेख केला तो इथे लागतो. नेहमीचा मजकूर: 'परिच्छेद १ ते १८ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' आदेश ६ नियम १५ ला हे पुरत नाही. स्वतःच्या माहितीचे परिच्छेद कोणते आणि मिळालेल्या माहितीवरून खरे मानलेले कोणते, ते क्रमांकाने वेगळे हवेत, शिवाय तारीख, ठिकाण आणि सोबत शपथपत्र. रोख रक्कम वादीने स्वतः दिली, ती पहिल्या वर्गात. दुसरा भाऊ तोंडी तयार होता हे त्याला तिसऱ्याने सांगितलं, ते दुसऱ्या वर्गात. मसुद्यात एक परिच्छेद वाढवला की हे क्रमांक सरकतात आणि सत्यापन जुनंच राहतं. सर्वांत जास्त सापडणारी चूक ही.

न्यायनिर्णयांचे दाखले मोबाईलवरच्या एआयकडून घेतले असतील तर प्रत्येक निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर उघडून, परिच्छेद क्रमांकासह प्रिंट जोडायला लावा. पोर्टल मोफत आहे. उघडत नाही तो दाखला काढून टाकायचा, त्यावर चर्चा नको.

कच्चा मसुदा

शेवटचं एक. गठ्ठ्यासाठी सीनिअरच्या ऑफिसातली खरी फाईल झेरॉक्स करून वापरली तर चालंल का? अन् व्हॉट्सअॅपची प्रिंट तशीच लावायची का?

निशाणी पाच

खरी फाईल तशीच वापरायची नाही. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गोपनीय असतं, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ बघ, आधीच्या पुरावा अधिनियमात तेच १२६ होतं. सीनिअरची परवानगी घे, मग नावं, आधार, खाते क्रमांक, गट नंबर सगळं बदल. काळ्या पेनाने खोडून झेरॉक्स केली तर उजेडात धरल्यावर खालचं दिसतं, म्हणून नव्याने टाईप करून घे.

व्हॉट्सअॅपच्या प्रिंटला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. भाग 'अ' सादर करणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू (फाईलचा डिजिटल ठसा) दोन्हीकडे. पंधरा मसुद्यांत हा नाही, पण एकदा भरून बघ.

सातबारा

गट नंबर बदलताना चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांचे गटही बदला, आणि फेरफाराच्या नकलेवरचा क्रमांकसुद्धा. नुसता सातबारा बदलला तर मुलं ती विसंगती पेरलेली खोडी समजून त्यावर अख्खी तासिका घालवतात.